बाबांचा आकडा

रविवारी सकाळी बाबांना फोन केला तो त्यांच्या ब्राउझरची चौकशी करायला. दोन दिवसांपासून मी क्रोममधल्या एका नव्या त्रुटीबद्दल वाचत होते आणि जीव त्यांच्याकडे लागला होता. माझ्यापासून दूर, एकटे, सगळे व्यवहार लॅपटॉपवरून करणारे बाबा.

"बाबा, वर उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक तीन टिंबं आहेत बघा. ती दाबा. मग खाली 'मदत' दिसेल, तिथे जा. आत क्रोमबद्दलची माहिती आहे."

"आलं. इथे एक गोल फिरतोय. थांब... अपडेट झालेलं आहे म्हणतंय. खाली आकडा आहे लांबलचक. वाचू?"

त्यांनी आवृत्तीचा आकडा वाचला. टिंबांसकट, एकेक अंक सुटा, पूर्वी लँडलाइनवर नंबर सांगायचे तसा. मी सहज माझ्या लॅपटॉपवर तेच पान उघडून बसले होते. पहिला आकडा दोघांचा सारखाच होता. शेवटचा नव्हता. माझा लहान होता, म्हणजे माझी आवृत्ती जुनी.

मी त्यांना पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचला, तेवढ्याच सावकाश.

"तुम्ही अपडेट कधी केलंत?"

"मी कुठे काय केलंय? रात्री काम झालं की बंद करतो मशीन, एवढंच."

बाबा खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करतात तसाच लॅपटॉपही बंद करतात. मी बंद करत नाही. मी झाकण लावते. सकाळी झाकण उघडलं की काल रात्रीचं सगळं जिथल्या तिथे असतं, आणि ते तसं असावं म्हणूनच मी बंद करत नाही. काम भाषांतराचं. एका परिच्छेदासाठी कोश, दोन जुने लेख, एखादा नकाशा, कुणाचं तरी पत्र असं उघडं ठेवावं लागतं. त्या दिवशी मोजले तर सदतीस टॅब होते, आणि ब्राउझर शेवटचा कधी बंद केला होता ते आठवायला कॅलेंडर पाहावं लागलं. एकोणीस दिवस.

एकोणीसपैकी निदान दहा दिवस तरी वरच्या कोपऱ्यात अपडेट थांबून राहिल्याची ती खूण होती. क्रोम ती खूण रंगात दाखवतो. नवी आवृत्ती येऊन दोन दिवसही झाले नसतील तर हिरवी, चारेक दिवस झाले की नारिंगी, आठवडा उलटला की लाल. माझी लाल होती. मी ती रोज पाहत होते, आणि रोज 'हे पान झालं की करते' म्हणत होते. बाबांना मात्र महिन्यातून एकदा न चुकता विचारत होते.

यातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट सांगते. दुरुस्ती माझ्या लॅपटॉपवर आलेली होती. उतरवून, तपासून, डिस्कवर ठेवलेली. नेट कमी नव्हतं, जागा कमी नव्हती, पैसे तर लागतच नाहीत. पण जो ब्राउझर चालू होता तो एकोणीस दिवसांपूर्वी मेमरीत चढलेला जुनाच होता, आणि चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या पोटातले भाग त्याला न थांबवता बदलता येत नाहीत. औषध घरात आणून ठेवलं होतं, घेतलं नव्हतं.

आपण ब्राउझरकडे खिडकी म्हणून बघतो, म्हणून त्याची काळजी वाटत नाही. खिडकीतून बाहेरचं दिसतं, बाहेरचं आत येत नाही. ब्राउझर तसा नाही. मी एखादं पान उघडते तेव्हा त्या पानाबरोबर आलेला प्रोग्रॅम माझ्या मशीनवर चालतो. मी त्याला बोलावलेलं नसतं, तो कुणी लिहिला ते मला माहीत नसतं, आणि एका पानावर जाहिरातींसकट असे कित्येक प्रोग्रॅम वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले असतात. फोनवर एखादं अॅप घालताना आपण निदान एक बटण दाबतो. इथे नुसती लिंक पुरते. अनोळखी माणसांनी लिहिलेलं काहीही दिवसभर चालवायचं आणि तरी घरातल्या वस्तूंना हात लावू द्यायचा नाही, असलं अवघड काम आपण ब्राउझरला दिलेलं आहे. ते करणाऱ्या, क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमसारख्या प्रकल्पात कोडच्या कोट्यवधी ओळी आहेत. त्यात चुका असणारच, ते लिहिणारी माणसं कितीही हुशार असली तरी.

नुसती चित्रं घ्या. २०२३ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. वेबपी नावाचा चित्रांचा एक प्रकार आहे, जेपेगसारखाच पण फाइल लहान होते. ही चित्रं उलगडून पडद्यावर दाखवणारा कोडचा एक छोटा संच आहे, आणि तो क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, एजमध्ये आणि आणखी असंख्य अॅपमध्ये जसाच्या तसा बसवलेला आहे. चित्र उलगडताना तो आधी एक तक्ता मांडतो, आणि तक्त्यासाठी लागेल तेवढी मेमरी आधीच बाजूला काढून ठेवतो. हिशेबाच्या वहीत आधी रकाने आखून घ्यावेत तसं. चूक अशी होती की मुद्दाम वाकडं बनवलेलं चित्र आलं तर तक्ता आखलेल्या रकान्यांपेक्षा मोठा व्हायचा, आणि लिहिणारा थांबायचा नाही. तो शेजारच्या पानावर लिहीत सुटायचा. शेजारच्या पानावर दुसऱ्याच कुणाचा हिशेब असतो. तिथे नेमकं काय उमटवायचं हे चित्र बनवणाऱ्याने ठरवलेलं असलं, तर पुढे ब्राउझर त्याच्या सांगण्याप्रमाणे वागू लागतो.

म्हणजे काही दाबायचं नाही, काही उतरवायचं नाही, पासवर्ड द्यायचा नाही. फक्त एक चित्र दिसायचं.

अॅपलच्या सुरक्षा विभागाने आणि टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने ही चूक ६ सप्टेंबरला गूगलला कळवली. उघड झालेल्या त्रुटींच्या जागतिक यादीत सीव्हीई-२०२३-४८६३ असा तिला क्रमांक मिळाला. ११ तारखेला क्रोमची दुरुस्ती बाहेर पडली, १२ तारखेला फायरफॉक्सची. ही चूक वापरून हल्ले होत आहेत हे दुरुस्ती देतानाच गूगलने सांगितलं होतं. पाच दिवसांत चूक शोधली, समजून घेतली, दुरुस्त केली, तपासली आणि जगभर पाठवली. रात्री जागून कुणीतरी हे केलं असणार. आणि ते माझ्यापर्यंत पोचून कोपऱ्यात एक खूण होऊन बसतं. माझ्या एकोणीस दिवसांचा विचार मी या पाच दिवसांशेजारी ठेवून करते तेव्हा मला वाईट वाटतं.

मेमरीच्या हिशेबातल्या अशा चुका काही क्वचित होत नाहीत. क्रोमियमच्याच लोकांनी २०२० मध्ये सांगितलं की त्यांच्याकडच्या गंभीर सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के याच जातीच्या आहेत. ज्या भाषांमध्ये ब्राउझरचा बराचसा भाग लिहिला गेला, सी आणि सी++, त्या लिहिणाऱ्याला रकान्याबाहेर जाण्यापासून अडवत नाहीत. हळूहळू काही भाग रस्टसारख्या, असं अडवणाऱ्या भाषेत नव्याने लिहिले जातायत. पण तोवर, आणि त्यानंतरही, दुरुस्त्या येतच राहणार.

आणि दुरुस्तीचं एक वेगळंच दुखणं आहे, जे मला फार उशिरा कळलं.

क्रोमियम आणि फायरफॉक्सचं कोड उघडं आहे, कुणीही वाचू शकतं. त्रुटी दुरुस्त झाली की तो बदलही उघड होतो. कालचं कोड आणि आजचं कोड शेजारी ठेवून पाहणाऱ्या जाणकाराला, आज इथे एक तपासणी वाढवली आहे म्हणजे काल इथे भोक होतं, हे समजतं. म्हणजे दुरुस्तीची बातमी हीच भोकाची बातमी असते. कालपर्यंत ते भोक कदाचित दोघा-चौघांना माहीत होतं. आज दुरुस्ती बाहेर आली आणि ते सगळ्यांना माहीत झालं. ज्यांनी दुरुस्ती घेतली ते सुटले. ज्यांनी घेतली नाही त्यांचा ब्राउझर मात्र, एक अक्षरही न बदलता, कालच्यापेक्षा जास्त धोक्याचा झाला.

कोड दुरुस्त होणं आणि ती दुरुस्ती लोकांच्या हातात पडणं यांच्यामधलं हे अंतर कमी करण्यासाठी गूगलने बरीच धडपड केली आहे. पूर्वी ते सरासरी ३५ दिवसांचं होतं. दर दोन आठवड्यांनी सुरक्षेची दुरुस्ती द्यायला लागल्यावर ते सुमारे १५ दिवसांवर आलं. ऑगस्ट २०२३ पासून, म्हणजे ११६ व्या आवृत्तीपासून, अशी दुरुस्ती दर आठवड्याला येते. एवढ्या मोठ्या यंत्रणेने पस्तीस दिवसांतले निम्म्याहून जास्त कमी केले, आणि मी एकटीने झाकण लावून त्यात निदान दहा वाढवले.

"पूर्वी नव्हती बाई ही दर आठवड्याची कटकट" असं माझ्या ओळखीतले अनेकजण म्हणतात. खरंच नव्हती. इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली आणि सातवी यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. पाच वर्षं जगातले बहुतेक लोक एकाच जागी थांबलेल्या ब्राउझरवर होते, आणि सातवी आल्यानंतरही कित्येक कचेऱ्या सहावीवरच राहिल्या, कारण त्यांचे आतले प्रोग्रॅम तिच्यावर बेतलेले होते. जानेवारी २०१० मध्ये गूगलने जाहीर केलं की आपल्यावर आणि इतर अनेक कंपन्यांवर हल्ला झाला आहे. त्यात इंटरनेट एक्स्प्लोररमधली तोवर उघड न झालेली त्रुटी वापरली गेली होती आणि मुख्य निशाणा सहाव्या आवृत्तीवर होता. जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने तेव्हा लोकांना तात्पुरता दुसरा ब्राउझर वापरा असं सांगितलं होतं. मायक्रोसॉफ्टने २१ जानेवारीला, नेहमीच्या वेळापत्रकाची वाट न बघता, दुरुस्ती दिली. कटकट नव्हती ती अशी नव्हती.

सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला तोच मागच्या मागे स्वतःला अपडेट करत. तेव्हा मला ते आवडलं नव्हतं, माझ्या मशीनवर मला न विचारता काही बदलणं. आजही तत्त्व म्हणून मला ते पूर्ण पटत नाही. पण ब्राउझरच्या बाबतीत मी हट्ट सोडला आहे. जी वस्तू दिवसभर अनोळखी प्रोग्रॅम चालवते तिची डागडुजी माझ्या सवडीवर सोडणं बरोबर नाही. माझी सवड कशी असते ते मी पाहिलंय.

चूक ब्राउझरची नसतानाही दुरुस्ती ब्राउझरला करावी लागते, असंही झालेलं आहे. ३ जानेवारी २०१८ ला स्पेक्टर या नावाने ओळखला जाणारा दोष जाहीर झाला. तो प्रोसेसरमध्येच होता, चिप बनवतानाच बसलेला. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीतलं गुपित, अगदी बारीक वेळ मोजून, ओळखता येत होतं. चिप काही रातोरात बदलता येत नाही. पण अनोळखी प्रोग्रॅम येतात ते ब्राउझरमधून, तेव्हा दार तिथेच लावायचं ठरलं. दुसऱ्याच दिवशी, ४ जानेवारीला, फायरफॉक्सची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात पानांना मिळणारं घड्याळ मुद्दाम ओबडधोबड केलेलं होतं, २० मायक्रोसेकंदांपेक्षा बारीक वेळ सांगायचंच नाही असं. त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडायला सुरुवात केली. मेमरी जास्त खातो म्हणून आपण क्रोमला बोल लावतो, त्यातला काही भाग या भिंतींचा आहे.

बाबांचा आधीचा लॅपटॉप फार जुना होता. त्यांनी तो जिवापाड सांभाळला होता, कीबोर्डवर रुमाल घालून ठेवायचे. २०२१ च्या ऑक्टोबरात त्यांचा फोन आला. "अगं, एकेक साइट बंद पडतेय. काल वर्तमानपत्राची, आज त्या कोशाची. कनेक्शन खाजगी नाही म्हणतंय. मी काही केलेलं नाही." शेवटचं वाक्य ते नेहमी म्हणतात, आणि आपल्या हातून काही बिघडलं असेल ही भीती त्यात असते. ती भीती ऐकली की मला फार कसंतरी होतं.

मी गेले, पाहिलं. घड्याळ बरोबर होतं. व्हायरस नव्हता. शोधता शोधता कारण मिळालं. साइट खरी आहे का हे ब्राउझर तिच्या प्रमाणपत्रावरून ठरवतो. त्या प्रमाणपत्रामागे कुणाची तरी सही असते, त्या सहीमागे आणखी कुणाची, आणि साखळीच्या टोकाला एक मूळ प्रमाणपत्र असतं ज्यावर ब्राउझरने आधीच विश्वास ठेवलेला असतो. अशा मूळ प्रमाणपत्रांची यादी मशीनमध्ये असते. जगातल्या असंख्य साइटची साखळी ज्याच्याशी जाऊन पोचायची ते एक मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २००० ला दिलेलं होतं आणि ३० सप्टेंबर २०२१ ला त्याची मुदत संपली. त्याची जागा घेणारं नवं कधीच तयार होतं, पण ते ज्या अपडेटमधून यायचं ते बाबांच्या मशीनवर पोचलंच नव्हतं. बाबांच्या ब्राउझरला जगातला एक साक्षीदार निवृत्त झाल्याचं कळलं, त्याच्या जागी आलेल्याची ओळख मात्र कुणी करून दिली नव्हती.

तोपर्यंत मला वाटायचं, जुनं सॉफ्टवेअर म्हणजे होतं तसं राहिलेलं सॉफ्टवेअर. हात लावला नाही तर निदान बिघडणार तरी नाही. पण त्या लॅपटॉपवर कुणी काहीच केलं नव्हतं, आणि तरी तो जगाला ओळखेनासा झाला होता. मी त्यावर फायरफॉक्स टाकला. फायरफॉक्स मूळ प्रमाणपत्रांची यादी स्वतःबरोबर आणतो, मशीनच्या यादीवर विसंबत नाही. साइट उघडल्या. बाबांनी कोशाची साइट उघडून एक शब्द शोधून पाहिला, आणि मगच चष्मा काढला. अर्थात ती मलमपट्टी होती. पुढच्या वर्षी त्यांनी नवा लॅपटॉप घेतला. खुद्द फायरफॉक्सचंही एक मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ ला संपलं, आणि जे १२८ च्या आधीच्या आवृत्तीवर थांबले होते त्यांच्यातल्या बहुतेकांना एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, बंद पडू नयेत म्हणून अपडेट करावंच लागलं. या मुदती आधीपासून लिहिलेल्या असतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत.

अपडेटला नको म्हणणाऱ्या माणसांना मी आळशी म्हणणार नाही. त्यांची तक्रार खरी आहे. सुरक्षेची दुरुस्ती आणि दिसण्यातले बदल बहुतेक वेळा एकाच गाठोड्यात येतात. बाबांना एकदा सकाळी टॅबचा आकार बदललेला दिसला, बुकमार्कची पट्टी वेगळ्या रंगाची दिसली, आणि अर्धा दिवस ते घरात भांडी हलवून ठेवल्यासारखे वावरले. "मला विचारलं का कुणी?" हा त्यांचा प्रश्न होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आवडतं एक्स्टेन्शन नव्या आवृत्तीत चालेनासं झालं की चिडणारे मित्रही मला माहीत आहेत, आणि त्यांचं चिडणं मला समजतं. ज्यांना दिसण्यातले बदल नकोत पण दुरुस्त्या हव्यात त्यांच्यासाठी फायरफॉक्सची दीर्घ आधाराची आवृत्ती आहे. ती साधारण वर्षभर तशीच राहते, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात. ही सोय मुळात मोठ्या संस्थांसाठी असली तरी कुणीही घेऊ शकतं. बदलांचा त्रास होणाऱ्या वयस्कर माणसांना मी तीच सुचवते.

मशीनच फार जुनं असेल तर गोष्ट अवघड होते. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची १०९ वी आवृत्ती शेवटची. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० ला विंडोज १० लागते. त्या मशीनवर 'अपडेट झालेलं आहे' असं वाचून समाधान मानू नका. त्या मशीनसाठी जे शेवटचं होतं ते आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा मशीनवर बँकेचं काम तरी करू नये.

आता ज्या प्रसंगाने मला सर्वांत जास्त हादरवलं तो. बाबांचाच फोन. "मी एक लेख वाचत होतो, तर अख्खं पान झाकून आलंय, तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, अपडेट करा. क्रोमचं चिन्हही आहे. निळं बटण आहे. तूच सांगतेस ना करत जा म्हणून, मग दाबू?"

दाबू नका, असं मी जवळजवळ ओरडलेच. आणि मग पाठोपाठ लक्षात आलं की गेली कित्येक वर्षं मीच त्यांना याची सवय लावत होते. अपडेट म्हटलं की हो म्हणा. त्या सवयीचीच कुणीतरी वाट पाहत होतं. साधी, चांगली साइट आधी फोडायची, तिच्या पानावर असा खोटा पडदा टाकायचा, आणि बटण दाबणाऱ्याला अपडेट म्हणून भलतीच फाइल द्यायची, ही फसवणूक सर्रास चालते. सॉकगोलिश या नावाने ओळखला जाणारा घातक प्रोग्रॅम गेली कित्येक वर्षं असाच पसरवला जातोय. फाइल उघडली की मशीनचं दार आतून उघडतं.

त्या दिवसापासून मी बाबांना एकच खूण सांगितली आहे. ब्राउझरची चौकट वेगळी आणि चौकटीतलं पान वेगळं. अपडेटची खरी सूचना चौकटीत येते, वर, मेन्यूच्या टिंबांपाशी. पानाच्या आत जे काही येतं ते पान बनवणाऱ्याचं असतं, मग त्यावर चिन्ह कुणाचंही असो. एखाद्या बँकेच्या वा सरकारी पानावर 'ब्राउझर जुना आहे' असं खरोखरच येऊ शकतं. पण तेव्हाही तिथलं बटण दाबायचं नाही. पान बंद करायचं, टिंबांकडे जायचं, स्वतः बघायचं.

बघणं अगदी सोपं आहे. क्रोममध्ये तीन टिंबं, मदत, मग क्रोमबद्दलचं पान. एजमध्ये आडवी तीन टिंबं आणि तोच रस्ता. फायरफॉक्समध्ये तीन रेघा, मदत, फायरफॉक्सविषयी. हे पान नुसतं उघडलं तरी ब्राउझर नवं काही आहे का ते शोधायला लागतो, वेगळं काही दाबावं लागत नाही. सापडलं तर उतरवतो आणि 'पुन्हा सुरू करा' म्हणतो. ते बटण दाबेपर्यंत काहीही झालेलं नसतं, हे मी आता कधी विसरणार नाही. मॅकवर लाल टिंब दाबून खिडकी बंद केली तरी ब्राउझर मागे चालूच राहतो, त्याला कमांड आणि क्यू दाबून खरोखर बंद करावं लागतं. विंडोजवरही क्रोमला मागे चालू राहायची परवानगी दिलेली असली तर खिडकी जाते आणि तो राहतो.

सफारीचं अपडेट मॅकच्या सॉफ्टवेअर अपडेटमधून येतं, आयफोनवर आयओएसबरोबर. आयफोनवर तुम्ही क्रोम वापरा की फायरफॉक्स, जवळजवळ सगळीकडे आतलं इंजिन अॅपलचं वेबकिटच असतं, म्हणून आयओएसचं अपडेट लांबवणं म्हणजे ब्राउझरचंच लांबवणं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून अपडेटची यादी बघावी. त्यात क्रोमबरोबर 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' नावाचं काहीतरी दिसतं, त्याला चिन्हही धड नसतं, म्हणून लोक ते सोडून देतात. सोडू नका. दुसऱ्या अॅपच्या आत जी वेबपानं उघडतात ती तेच दाखवतं. आणि एक्स्टेन्शनची यादीही अधूनमधून बघावी. जे कशासाठी घातलं होतं ते आठवत नाही ते काढून टाकावं.

टॅबचं काय, हा माझा खरा प्रश्न होता. सेटिंग्जमध्ये सुरू होतानाच्या पर्यायांत 'सोडलं तिथून पुढे' अशा अर्थाची ओळ असते, ती निवडली की टॅब परत येतात. अपडेटसाठी 'पुन्हा सुरू करा' दाबलं तर एरवीही येतात. खाजगी खिडकीतले येत नाहीत, ती त्यांची व्याख्याच आहे. आणि पानावरच्या चौकटीत अर्धवट लिहिलेला मजकूर परत येईल याची खात्री नसते.

माझं अडलं होतं ते नेमकं तिथे. सदतीसपैकी एका टॅबमध्ये एका जुन्या बाईंना लिहायला घेतलेलं पत्र होतं. शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं. त्यांच्या आजारपणाचं कळलं त्या दिवशी मेलची खिडकी उघडली, चार ओळी लिहिल्या, पाचवी सुचेना. मेलमध्ये मसुदा आपोआप राहतो हे मला ठाऊक आहे. तरी तो टॅब बंद केला तर पत्र मागे पडेल, उघडा असला तर रोज डोळ्यांसमोर राहील, असं मनाने घेतलं होतं. रोज डोळ्यांसमोर राहिलं आणि रोज मी त्याच्या शेजारच्या टॅबवर काम केलं.

बाबांचा फोन ठेवला आणि आधी ते पत्र पुरं केलं. पाचवी ओळ काही फार वेगळी निघाली नाही, "तुमची फार आठवण येते" एवढीच. ते पाठवलं. मग कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकत्र दाबून उरलेले सगळे टॅब त्या दिवसाच्या तारखेच्या एका फोल्डरमध्ये ठेवले. मग लाल खूण दाबली. पडदा रिकामा झाला, आणि चार-पाच सेकंदांत टॅब एकेक करून परत आले. मी मदतीचं पान उघडलं, आकडा एका कागदावर उतरवला आणि बाबांना फोन लावला.

"बाबा, मघाचा आकडा परत एकदा वाचता?"

"आता?" ते म्हणाले. "अगं, मगाशीच बंद केलं मी मशीन. उद्या सकाळी लावलं की वाचतो."